आधी बसून बघणारा

“तात्या, संभाजीचं काम आता गावठी दिसतं,” असं गंगाराम एकदाच म्हणाला. पण म्हणाला ते पुण्याच्या प्रदर्शनात, फिरत्या खुर्चीत बसून.

अंथुर्ण्याचा गंगाराम बारामतीच्या एका पतसंस्थेत कारकून होता. शहाण्णव साली संस्थेची इंदापूरला शाखा निघाली. तिथलं फर्निचर ठरवायला चेअरमन सर्जेराव, म्हणजे तात्या, त्याला ऑफिस फर्निचरच्या त्या भल्यामोठ्या प्रदर्शनाला घेऊन गेले. आदल्या दिवशी संभाजी सुतार गंगारामच्या घरी आला होता. लहानपणापासूनचा मित्र, संस्थेची आजवरची टेबलं-खुर्च्या त्याच्याच हातची.

“खुर्चीची पाठ कशी वळवत्यात ती माणसं, एवढं बघून ये. तसंच करून देतो,” तो म्हणाला. काम आपलंच म्हणून त्यानं सागवान आणून सावलीत रचलंही होतं.

गंगाराम त्याच्यासाठी बघायलाच गेला होता. पण हॉलमध्ये थंड हवा होती, पायाखाली गालिचा होता, आणि टाय लावलेल्या एका विक्रेत्यानं “बसा ना, सर” म्हणत खुर्ची पुढं ओढली. गंगारामच्या बापाला उभ्या जन्मात चावडीवर कुणी बस म्हटलं नव्हतं. तो बसला. खुर्चीनं त्याची पाठ अलगद झेलली. “मग संभाजीचं काय करायचं रे?” तात्यांनी विचारलं, आणि ते वाक्य सुटलं.

परत आल्यावर संभाजीनं विचारलं, “काय बघितलंस?”

“काय इशेष न्हाय. लोखंड नि फोम.”

त्यानंतर एस्टीला जाताना तो संभाजीच्या शेडावरनं जायचं टाळू लागला. तरी रंध्याचा आवाज लांबून यायचाच. ऑफिसात संभाजीच्याच जुन्या खुर्चीत बसताना हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

शाखेचं फर्निचर पुण्याहून आलं, तरी उद्घाटनाला संभाजी आला. त्याची एक रीत होती. खुर्ची पुरी झाली की आधी स्वतः तिच्यावर बसायचं, गदागदा हलवायची, “मोडायची तर माज्याखाली मोडू दे” म्हणायचं, मगच गिऱ्हाइकाला द्यायची.

“काय गंगारामराव,” तो हसत म्हणाला, “ह्या खुर्च्यांवर आधी कोण बसलं म्हणायचं?”

“अरं, ह्योच की!” तात्या मोठ्यानं म्हणाले. “पुण्यात गिरकी घेतली, नि म्हणला, संभाजीचं काम गावठी दिसतं. म्हटलं, दोस्तच म्हणतोय तर घेऊन टाकू!”

संभाजीचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मग त्यानं एक खुर्ची ओढली, बसला, पाठ रेटली, तिचे दोन्ही हात धरून गदागदा हलवली. उठला. खांद्यावरच्या उपरण्यानं बैठक पुसली आणि खुर्ची गंगारामपुढं सरकवली.

“चांगली हाय. मोडत न्हाय. बस.”

फोमवर संभाजीच्या वजनाचा खळगा हळूहळू वर येत होता. गंगाराम त्या खळग्याकडं बघत राहिला. खळगा पुरता भरायच्या आत गंगाराम वळला, दाराशी चपला पायात सारल्या आणि बाहेर पडला.