हात लागला होता

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, आणि ज्या सरांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून जमतंय कदाचित.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील दुसऱ्याच्या आंबाबागेत राखणीला, आईला सही येते तेवढीच. निकाल लागला तेव्हा वाडीनं शाल-नारळ दिला आणि मी ताठ मानेनं घेतला. अभिमान आहे मला. तो कशाला लपवू? लपवलंय ते वेगळंच.

आमची शाळा खेड तालुक्यातली, सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळमाळावरची. आठवी ते दहावी. गणित आणि खेळ एकाच सरांकडे — दिवसा फळ्यावर समीकरणं, शाळा सुटली की खो-खो. मैदान म्हणजे तरी काय, कातळावर पसरलेली लाल माती. पडलं की गुडघा सोललाच. अशा शाळेतून आम्ही मुली नववीत असताना जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलो.

मी संघात होते ती धडपडून. सुनंदा उपजतच खेळाडू. ती धावायला लागली की सर शिट्टी तोंडात धरून वाजवायची विसरायचे. अभ्यास मात्र कच्चा. वडील मुंबईला, घरात काकांचा शब्द. काका तिचं शाळेतून नाव काढायला निघाले होते. सर घरी जाऊन म्हणाले, "काढू नका हो. ही पोर खेळात नाव काढील." त्या एका वाक्यावर ती शाळेत टिकली होती. हे मला माहीत होतं. लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

सामना रत्नागिरीला होता. खो-खोत बसलेल्या मुलीला मागचं दिसत नाही. धावणारीनं तिच्या पाठीवर हात मारायचा आणि त्याच क्षणी मोठ्यानं 'खो' म्हणायचं. हात आणि शब्द, दोन्ही. शेवटची काही सेकंदं उरली होती, मी धावत होते, समोर सुनंदाची पाठ. मी हात मारला. शब्द — शब्द आलाच नाही. दम तुटला होता, घसा कोरडा पडला होता. ती माझ्या हातावर विश्वासून उठली.

शिट्टी वाजली. फाऊल. पुढे पळणारी मुलगी निसटली, वेळ संपली, आम्ही हरलो.

चूक कुणाची, ते लांबून कुणाला कळणार? दिसलं एवढंच, की सुनंदा उठली. सरांनी मला विचारलं, "खो दिलास ना गं?" मी म्हणाले, "सर, मी पोचायच्या आधीच उठली ती."

ती म्हणाली, "हात लागला होता, सर." एकदाच म्हणाली.

सरांनी माझं खरं मानलं. का नाही मानणार? गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी मुलगी खोटं कशाला बोलेल?

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल — चौदा वर्षांची पोर, घाबरली, बोलून गेली. मीही बरीच वर्षं स्वतःला तसंच समजावलं. पण मी अजून सगळं सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गातली मुलं विचारायला लागली, कशा काय हरलात गं? भीती होती मला, कुणी खोदून विचारील. म्हणून मी हसले आणि म्हणाले, "आमच्यात एक उठवळ आहे ना!"

सगळा वर्ग हसला. खो न घेता उठते ती उठवळ — विनोद छान जमला होता. त्या शब्दाचा दुसरा अर्थ माहीत नव्हता, असं सांगायला किती बरं वाटलं असतं. माहीत होता. आमच्या वाडीत एका बाईला मागून हाच शब्द लावायचे, आणि तिच्या घरी कुणी पाणी प्यायचं नाही.

सुनंदा उत्तर द्यायला उभी राहिली की मागच्या बाकावरून यायचं, "उठली रे उठली!" ती उभी राहायची बंद झाली. मग मैदानात यायची बंद झाली. मग तो शब्द शाळेबाहेर पडला. एसटीच्या थांब्यावर पोरांनी तिला त्या नावानं हाक मारली, आणि ती काकांनी ऐकली. काकांना खो-खो कुठला ठाऊक? भररस्त्यात पोरीला कुणी उठवळ म्हणतंय, ते काय उगाच?

तिचं नाव काढलं. सर पुन्हा तिच्या घरी गेले आणि मैत्रीण म्हणून मला सोबत नेलं. खळ्यात, घरापुढच्या अंगणात, चहा आला. सर सांगत होते, "अहो, खेळातली थट्टा ती." काका माझ्याकडे वळले. "तू सांग गो बाय. खरं काय ता सांग. काय केलान हिनं?"

दाराआड सुनंदा उभी होती. तिच्या परकराची कड दिसत होती मला.

किती सोपं होतं! 'काही नाही केलं तिनं, काका. मी केलं.' एवढंच म्हणायचं होतं. शेजारी सर होते — मला पुढे शिकवायचंच म्हणून माझ्या वडिलांना भेटणारे सर. मी बशीत बघत म्हणाले, "मला नाही माहीत."

तिला मुंबईला आत्याकडे धाडलं, घरकामाला. तिकडेच लग्न झालं.

गेल्या वर्षी खेडच्या स्टँडवर ती भेटली. तिनंच ओळखलं मला. मुलीला पुढे ओढून म्हणाली, "बघ, ही माझ्या वर्गातली. लय हुशार. ग्रॅज्युएट झाली!" तिच्या बोलण्यात माझ्याबद्दलचा अभिमान होता. मला मान वर करवेना. माझी गाडी लागली तशी ती जवळ आली, माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "त्या मॅचचं अजून वाईट वाटतं गं. माझंच चुकलं. घाई केली मी. तुमची सगळ्यांची मेहनत गेली."

हात लागला होता, हे तिला आता आठवतही नव्हतं. माझं खोटं तिनं स्वतःचं खरं करून इतकी वर्षं सांभाळलं होतं.

कंडक्टरनं बेल दिली. मी म्हणाले, "जाऊ दे गं, होतं असं." आणि गाडीत चढले.