बेलिफ सुपडूनाना आणि सेंधव्याचा माणूस

सुपडूनाना सैंदाणे जळगावातल्या पिंप्राळ्याला आमच्या शेजारी राहायला आले ते १९८९ साली, बेलिफच्या नोकरीतून निवृत्त होऊन. बत्तीस वर्षं त्यांनी शिरपूर तालुक्यात कोर्टाची समन्स बजावली, त्यातली निम्मी सायकलवरून. माझे यजमान गेल्यानंतर नाना संध्याकाळी ओट्यावर येऊन बसत आणि मी त्यांना इंग्रजी पेपर मराठीत वाचून दाखवत असे. भुसावळच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मोठ्याने वाचायची सवय लावली होती, ती अशी उतारवयात कामी आली. काय वाचलं ते मी डायरीत टिपायची, म्हणून तारखा आज सांगता येतात. ते दिवस फार चांगले गेले.

२६ ऑक्टोबर १९९८ला चिली देशाच्या माजी हुकूमशहाची बातमी होती. त्याच्या राजवटीत हजारो माणसं मारली गेली, कित्येक गायब झाली. म्हातारपणी तो उपचाराला लंडनला गेला आणि स्पेनमधल्या एका न्यायाधीशाच्या मागणीवरून दवाखान्यातच त्याला अटक झाली. नानांनी मला तिथेच थांबवलं. गुन्हा चिलीत, कागद स्पेनचा आणि माणूस धरला लंडनला? मी सांगितलं की इतका मोठा छळ हा सगळ्या जगाविरुद्धचा गुन्हा, तो कुठलंही कोर्ट चालवू शकतं, असं त्या न्यायाधीशाचं म्हणणं आहे.

"अक्का, पेपरवाला चुकला असेल," नाना म्हणाले. "हद्दीबाहेर कागद चालत नाही."

त्यांच्या कामाची रीतच तशी होती. माणूस तालुका सोडून गेला असला की समन्सच्या पाठीवर 'हद्दीबाहेर' असं लिहायचं, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि कागद परत करायचा. माणूस सापडला तरी गावातला एक ओळखदार लागे, 'हाच तो' असं सांगणारा. लंडनला ओळखदार कोण होता, हे त्यांनी मला दोनदा विचारलं. नर्स असेल, असं मी म्हटलं. त्यावर ते हसले नाहीत.

पुढे महिनाभर ते त्याच बातमीची वाट पाहत. खालच्या कोर्टाने हुकूमशहाच्या बाजूने निकाल दिला तेव्हा त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. मग वरच्या न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी तो फिरवला. छळ करणं हे काही राज्यकर्त्याचं काम नव्हे, असं त्यांनी म्हटलं. त्या संध्याकाळी नानांचा चहा तसाच राहिला आणि त्यांनी मला सगळं सांगितलं.

शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला त्यांची बहीण झुंबरबाई राहत होती. १९७५ साली विहिरीच्या पाण्यावरून त्यांची बौद्धवस्ती जाळली गेली आणि तिचा नवरा पुना त्यात गेला. पेटते टेंभे घेऊन आलेल्यांच्या पुढे गावातलाच अभिमन होता, तो तिने पाहिला होता. बाकीचे पकडले गेले, अभिमन डोंगर ओलांडून मध्य प्रदेशात पळाला. दहा वर्षांनी नाना एका लग्नाला सेंधव्याला गेले, तेव्हा तो त्यांना पेंडीच्या दुकानात गादीवर बसलेला दिसला. नानांनी ना पोलिसांना सांगितलं, ना बहिणीला.

मध्य प्रदेश काही परदेश नाही, मी म्हटलं.

"आता कळतंय. तेव्हा मनातच हद्दीबाहेर लिहून टाकलं," नाना म्हणाले. रक्ताचं असं त्यांना तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. हे कळल्यावर ती दार लावून घेईल, हीच भीती होती. तरी आठ दिवसांनी ते मला सोबत घेऊन तिच्याकडे निघाले. पारोळ्याला बस थांबली तेव्हा घेतलेल्या शेंगा धुळ्यापर्यंत त्यांच्या हातात तशाच होत्या.

झुंबरबाई अंगणात वेचलेला कापूस निवडत बसली होती. नानांनी उभ्यानेच सांगून टाकलं. तिचा हात थांबला नाही.

"तेरा वरीस," ती म्हणाली. "तू तेले देखं आनि माले सांगं नही."

नाना हद्दीचं बोलू लागले.

"हद्द तुना कागदले व्हती. माले नव्हती." मग ती माझ्याकडे वळली. "मना डोया अजून चांगला शेतस, बाई. सकाय ठाणामा जाऊत."

रात्री तिने मला वाढलं. नानांचं ताट शेजारणीकडून आलं.

जुनी फाइल सापडायला दीड महिना लागला. फेब्रुवारीत अभिमनला सेंधव्याहून आणलं. धुळ्याच्या जेलात ओळखपरेडीला उभ्या केलेल्या म्हाताऱ्यांच्या रांगेसमोरून झुंबरबाई एकदाच चालत गेली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. पुढे तारखा पडत राहिल्या. ती शिरपूरहून येई, आम्ही जळगावहून. बहीणभाऊ एकाच बाकावर बसत, पण ती त्यांच्याशी एक अक्षरही बोलत नसे.

नोव्हेंबरात नानांची साक्ष झाली. इतकी वर्षं गप्प का बसलात, असं अभिमनच्या वकिलाने दरडावून विचारलं. नानांनी भरल्या कोर्टात सांगितलं की माझी चूक झाली, बहिणीचा न्याय मी तेरा वर्षं अडवून धरला. पुढे निकालाआधीच अभिमन आजारात गेला. पण ते नंतरचं. त्या दिवशी साक्ष संपवून आम्ही तिघं धुळ्याच्या स्टँडवर उभे होतो. जळगावची गाडी लागलेली होती. नाना तिकडे वळले.

"भाऊ," झुंबरबाई म्हणाली. "तिकडे कोठे जास? मना गावनी बस निंघी जाई."

नानांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि तिच्यामागे शिरपूरच्या गाडीत चढले. मी जळगावला एकटीच परत आले.