चावीतला दाणा

सन २०१७. माझं वय तेव्हा सदुसष्ट. त्या भाऊबीजेला इंझोरीत आमच्या अंगणात खरं काय घडलं, हे आजवर एकाही माणसाला ठाऊक नाही. बायको असती तर तिला सांगितलं असतं. पण ती असती तर मी असा वागलोच नसतो... नाही, हा बहाणा झाला. सोडा.

मी चौथी शिकलो. पण कुलूप मला वाचता येतं. मानोऱ्याच्या बाजारात निंबाखाली चाळीस वर्षं चाव्या घासल्या. उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "लोक तुले चावी नाही देत बापू, घर देतात." ती गोष्ट मी पाळली. एक दिवस सोडला तर.

पुढं त्या नवीन गाड्या आल्या. एका मास्तरच्या गाडीला मी चावी करून दिली. कुलपात लोण्यासारखी फिरली, इंजिन एकदा गुरगुरलं आणि बंद. पुन्हा गुरगुरलं, पुन्हा बंद. "काय बुढेबुवा, कानस बोथट झाली का?" मास्तर भर बाजारात हसला. मी वाशिमला गेलो. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या एका पोराच्या दुकानात आठ दिवस ठाण मांडून बसलो. माझ्या मुलाच्या, गजाननच्या वयाचा पोरगा तो. शिकून घेतल्याशिवाय उठलो नाही.

हे सगळं ऐकून घेणारी एकच होती. वंदना, माझी सून. दिवाळीला ती आणि गजानन पुण्याहून आले होते. गाडी तिनंच चालवत आणली. गावच्या बाया पाहायला आल्या. मी तोंडावर काही बोललो नाही, पण पारावर जाऊन चार जणांना सांगून आलोच. बायको जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. सात महिने त्या घरात माझ्याशिवाय कोणी शिंकलंही नव्हतं — आणि आता सकाळी भाकरी थापल्याचा आवाज यायचा. तुम्ही कधी नुसत्या आवाजासाठी अंथरुणात पडून राहिला आहात?

भाऊबीजेच्या आदल्या दुपारी तिनं गाडीची चावी माझ्या हातात दिली. "मामाजी, दार उघडाचा सेल कमजोर झाला वाटते. बदलून देता?" गजानन म्हणाला, "बाबा, आता तिले लेक्चर नका देऊ." मी दिलंच. चावीची प्लास्टिकची मूठ उघडून दाखवली. हा सेल फक्त दारासाठी. आणि हा ज्वारीच्या दाण्याएवढा काळा तुकडा, ही खरी चावी. याला सेल नाही, काही नाही. चावी लावली की कुलपाभोवतीचं तारांचं कडं याला वीज देतं आणि नंबर विचारतं. दाणा नंबर सांगतो. गाडीच्या डोक्यात तोच नंबर लिहिला असेल तर इंजिन चालतं, नसेल तर बंद. दात कितीही बरोबर असू द्या.

ती हसली. "म्हंजे गाडी आपल्या मानसाले आवाजावरून ओयखते, म्हना की!"

चाळीस वर्षांत माझं काम इतकं नीट कोणाला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते निघणार होते. केनवडला, तिच्या माहेरी. तिचा भाऊ फौजेत. दोन वर्षांनी सुट्टीवर आलेला, आणि त्याच संध्याकाळी परत जाणार होता. ओवाळल्याशिवाय ती जेवणार नव्हती. तिथं दोन दिवस राहून ते तसेच पुढं पुण्याला जाणार होते. माझ्याकडं परत यायचं नव्हतं.

मी सेल बदलला. मूठ मिटवली. दाणा आत ठेवला नाही.

झालं. सांगितलं.

सकाळी गाडीचं दार उघडलं, दिवे लागले, इंजिन गुरगुरलं आणि बंद. समोर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला. दुसरी चावी पुण्याला कपाटात. गजानन भाड्याची गाडी पाहतो म्हणाला. मी म्हटलं, "सनाच्या दिवशी कोन येते? मी आहो न! दोन घंट्यात करून देतो." दाणा माझ्या तंबाखूच्या थैलीत होता. गाडीत बसताना थैली ओट्यावर ठेवायचो — ते कडं चार बोटांवरचंच ऐकतं, हे मला माहीत होतं. तरी भीती वाटायची, की दाणा बोलेल.

दुपार झाली. गजानननं विचारलं, "पन झालं काय चावीले?" तेव्हा थांबता आलं असतं. सकाळी वंदना चावी पदराला बांधून नळावर गेली होती, ते मी पाहिलं होतं. मी म्हटलं, "पानी गेलं असन. दाना गेला."

तो तिच्यावर ओरडला. चार बायांसमोर. "गाडी चालवता येते म्हंजे सगयं येते काय तुले?" ती एवढंच म्हणाली, "माह्याच हातून झालं." ओवाळणीचं ताट पुन्हा पिशवीत बांधलं. संध्याकाळी भावाचा फोन आला. तो तिची वाट पाहत फाट्यावर शेवटच्या गाडीपर्यंत थांबला होता.

ती जेवली नाही. मला मात्र वाढलं. मी जेवलो. आणि खरं सांगू? घरात माणसं होती म्हणून गोड लागलं.

त्यानंतर वंदनानं गाडी चालवली नाही. येतात वर्षातून एकदा, ती बाजूच्या सीटवर बसून येते. "चालव न बाई," म्हटलं की हसते. "नको मामाजी, माह्या हातून बिघडते." भाकरीचा आवाज अजूनही येतो. मी अजूनही पडून ऐकतो. पण चावी कशी बोलते, हे ती पुन्हा कधी विचारत नाही. त्या एका दुपारसाठी जीव तुटतो माझा — ती हसली होती, त्या दुपारसाठी.

त्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, उजाडताच, मी दाणा मुठीत बसवला आणि चावी फिरवली. एका झटक्यात गाडी चालू. गजानन धावत आला. "बाबा, तुमच्या हाताले तोड नाही!" मागून वंदना आली. डोळे सुजलेले. पदर सावरून ती वाकली आणि माझ्या पाया पडली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद दिला.