नसीमबाजींनी आधी विचारलं

नसीमबाजींची साठी झाली, त्यांच्यावर पुस्तक निघतंय, तुम्हीबी चार ओळी लिहा, असा निरोप फुलंब्रीला आला. माझी शाळा चौथीपर्यंतच. पण बाजींवर लिहायचं म्हणून लई आनंद झाला.

पहिल्यांदा त्या आमच्या दारात आल्या, तेव्हा मात्र मी त्यांना आत घ्यायला तयार नव्हते. आमच्या मालकांना लकवा झालेला. बाजी दवाखान्यातल्या नर्स; आजारी माणसाचं कसं करायचं हे घरच्यांना शिकवत त्या गावोगाव फिरायच्या. हातात कागद. कागद दिसला की मला आधी जमिनीचीच धास्ती. सातबाराचं काही नाय ना? त्यांनी विचारलं, "काकू, यांचं कोण करतं?" मी म्हणलं, "लेक." आमच्यात कुठल्याबी कागदावर लेकाचंच नाव जातं. मग बाजींनी शिकवलंही त्यालाच: कूस कशी बदलायची, पाठ कशी पुसायची. दुसऱ्या दिवशी तो कंपनीत गेला. करत होते मी, माझ्या अकलेनं. पंधरा दिवसांत मालकांच्या कमरेखाली जखम झाली.

बाजी पुन्हा आल्या, जखम बघितली. मला वाटलं, आता ह्या माझी अब्रू काढतात. त्यांनी लेकाला चहा ठेवायला पाठवलं अन् हळूच म्हणाल्या, "काकू, तुमचं नाव लिहू का?"

"कशाला? नवऱ्याचं करते, नोकरी थोडीच हाय? उद्या भावकी म्हणंल, हिला काय पाहिजे?"

"नको तर नाय लिहीत. शिकवते मात्र तुम्हालाच."

एवढं गोड बोलतात, म्हणजे काहीतरी असणारच, असं मला वाटलं. तेवढ्यात त्या मालकांकडं वळल्या. "काका, तुमचं कोण करतं, हे लिहिलेलं चालंल का?" लकवा झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. मीसुद्धा.

वाकड्या तोंडानं मालक म्हणाले, "हिचं... लिहा. लई दमती."

म्हणजे त्यांना दिसत होतं! मी पदर तोंडाला लावला अन् म्हणलं, "लिहा, बाजी."

जखम भरायला महिना लागला. आता मालक ओट्यावर बसून माझ्यावर खेकसतात, इतके बरे आहेत. बाजी अजून येतात, अन् आधी माझी कंबर कशी आहे ते विचारतात, मग मालकांची तब्येत. फुकट एवढी चौकशी कोण करतं, हा संशय माझ्या मनातून काही जात नाय.

नसीमबाजींचे हातपाय शंभरी गाठेपर्यंत धड राहोत. अन् कधी कुणाचा आधार घ्यायची वेळ आलीच, तर आधार देणारीलाही कुणीतरी विचारो, तू दमली का म्हणून.