डोहातला खडस

शेवटच्या दिवशी आम्ही दोघं गोदावरीच्या काठाला खडकावर गूळ-शेंगदाणे खात बसलो होतो. गळ माझा, गप्पा तिच्या. बायको माळकरी. मासा तिनं कधी तोंडाला लावला नाही. मी घरी आणला तर तवा वेगळा, चूल अंगणात. पण काठावर मात्र सोबत यायची. "तुम्ही बुडालात तर घरी सांगायला कुणी पाहिजे ना," म्हणायची.

खडस हा मोठ्या खवल्यांचा, वाहत्या पाण्यातला मासा. अठ्ठेचाळीस सालच्या पोलिस ॲक्शननंतरच्या माझ्या लहानपणी आमच्या गावाखाली लई होता. पुढं धरण झालं, पाणी थांबलं, तसा तो गेला. म्हातारपणी शहरात पोराकडं, पुंडलिकनगरात आलो, तरी त्याच्यापायी बस धरून नदीला जायचो. बरीच वर्षं गळाला लागला नाही, नजरेलाही पडला नाही.

मी गळाला कणकेचा गोळा लावत होतो. ती एकदम म्हणाली, "अहो, तो बघा!"

मान वर केली तोवर खडकाखालच्या डोहात नुसतं पाणी.

"पितळी परातीसारखा चमकला. व्हट असे जाड, तुमच्या बहिणीसारखे."

"रोहू असंल."

"रोहू बाजारात रोज बघते मी. हा नव्हं."

परतताना ओळखीचा भोई काठावर जाळं सांधत बसला होता. परवा सकाळी त्याच डोहात टाकणार म्हणाला. बायकोनं मला कोपरानं ढोसलं. "सांगा की, खडस हाय म्हणून. दुसरीकडं टाकंल तो."

"न बघितलेलं मी सांगत नसतो." काठावरची रीतच तशी. हातात आला तो मासा, बाकी थापा.

"मग राहू द्या," म्हणाली आणि बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली.

त्याच रात्री ती झोपेतच गेली. दुपारी आग दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घातल्या. पोरगं आडवं आलं. "आबा, घरात सुतक हाय. लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे."

पहिल्या बसनं गेलो. भोयानं जाळं होडीत भरलं होतं.

"काका, आज काकू नाय आल्या?"

"गेली ती. काल आग दिली."

तो खालीच बसला. मी म्हणालो, "ह्या डोहात जाळं टाकू नको. खडस हाय."

"खडस? काका, कुणी बघितला?"

"आम्ही बघितला."

तो उठला. होडीतलं जाळं बाहेर ओढायला लागला. जाळं जड होतं. दुसरं टोक मी धरलं.