मिठाच्या रांगेतली जास्वंद

कोकणातून सिल्वासाला आलेल्या त्या बाई नसत्या, तर आठवीतच शाळा सोडलेला मी धुळ्याच्या गाडीत बसून परत गेलो असतो. कारखान्याची बाग त्यांच्याकडे होती. फाटकात काम मागत उभ्या असलेल्या मला त्यांनीच बागेत लावून घेतलं. सुरुवातीला आपल्या डब्यातलं जेवूही घातलं.

कारखान्यात जड पाणी मऊ करणाऱ्या टाकीतून रोज खारं पाणी निघे. ते बागेला चालेल का, असं साहेबांनी विचारलं. म्हणून बाईंनी कुंड्या मांडल्या: कण्हेर, बोगनवेल, मोगरा, जास्वंद. एका रांगेला गोडं पाणी, दुसरीला खारं. पाणी घालायचं काम माझं. खाऱ्या रांगेतल्या मोगऱ्याची पानं कडेनं करपली. जास्वंद मात्र टवटवीत.

"हिला मीठ मानवलं की रे!" बाई म्हणाल्या. साहेब खूश. फाटकापासून कँटीनपर्यंत जास्वंदच लावायची ठरली.

रोपं मागवण्याआधी साहेब एकदा कुंड्या बघायला आले. आम्ही नुकते जेवून उठलो होतो. मी खाऱ्या रांगेतल्या जास्वंदीत हात धुतले, डबा विसळला, तांब्यातलं उरलेलं पाणीही तिथंच ओतलं. माझ्यामागे आणखी दोघं तेच करायला उभे. आमच्याकडे असलं पाणी कुणी नालीत टाकत नाही, झाडाच्या बुडाशी जातं. त्या कुंड्या निंबाच्या सावलीत, आम्ही तिथंच जेवायचो. बाई आत ऑफिसात जेवत. यात काही चुकतंय, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

साहेब थबकले. "ये रोज होता है?"

नोकरी गेली, एवढंच कळत होतं. मागचा गुजराती गडी पुटपुटला, "गयो तू, भाया."

"मीच सांगितलंय त्यांना इथं हात धुवायला," बाई म्हणाल्या. "खाऱ्या कुंडीला रोज गोडं पाणी जातंय, हे माझ्या लक्षात आलं नाही."

साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांना नको नको ते सुनावलं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या, आणि मी शेजारी ओला डबा धरून उभा. नाही साहेब, मीच केलं, एवढंही तोंडातून निघेना.

नंतर त्यांच्यापुढे गेलो, तर म्हणाल्या, "मेल्या, रडतोस काय? कुंड्या उचल, परत मांडायच्यात. आणि हात नळावर धू!"

नव्या रांगेत जास्वंद करपली. कण्हेर तगली, तीच लावली. माझी नोकरीही राहिली. पण त्यानंतर बागेचं काही ठरवायचं असलं की साहेब बाईंना बोलवत नसत. ते मी रोज बघायचो, आणि रोज गप्प राहायचो.

साहेब अजून वापीला राहतात म्हणे. बाई गावी असतात. कधीतरी त्यांना घेऊन साहेबांच्या दारात जाईन, आणि त्यांच्यादेखत ते सगळं बोलेन. ही फेड मी करणार आहे.