चौथं सॉकेट

तो डबा मी स्वतःच्या हातांनी बनवला, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक म्हणतात, बिचारीला साहेबांनी फसवलं. फसवलं हे खरं, पण डबा बनवताना मी मनातून खूश होते, हेही खरंच आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. रबाळ्याच्या एमआयडीसीत रंगांसाठी लागणारी रसायनं बनवणारी आमची कंपनी, आणि तिथलं अख्खं 'कॉम्प्युटर डिपार्टमेंट' म्हणजे मी एकटी. वय तेवीस, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, नोकरी अजून प्रोबेशनवर. जुईनगरहून रोज टापटीप होऊन जायचं आणि दिवसभर करायचं काय, तर प्रिंटरची रिबन बदल, याचा माऊस अडकला तो पूस, त्याचं पत्र टाईप करून दे. मला सोल्डरिंग येतं म्हटलं की हसायचे मेले. असा संताप यायचा की विचारू नका.

त्या वर्षी एक भानगड सुरू झाली. आमचा ट्रक गिऱ्हाइकाकडे पोचायच्या आदल्या दिवशीच दुसऱ्या एका कंपनीचा माणूस तिथे जाऊन बसलेला असायचा. एकदा झालं, दोनदा झालं, मग गिऱ्हाइकं तुटायला लागली. कुठला माल कुणाकडे कधी जाणार ही यादी आतूनच कुणीतरी बाहेर देत होतं. मालक भडकले आणि त्यांनी मॅनेजरना महिन्याची मुदत दिली, चोर शोधा म्हणून. या मॅनेजरना सगळे नुसतं 'साहेब' म्हणायचे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि उठून दार लोटलं.

"मॅडम, हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही."

झालं! चढले मी हरभऱ्याच्या झाडावर.

साहेबांचा संशय डिस्पॅचच्या, म्हणजे माल रवाना करणाऱ्या खात्यातल्या, दादांवर होता. दादा इथलेच, खाडीकाठच्या गावातले. नव्या शहरासाठी त्यांची शेती गेली, तेव्हा गावकऱ्यांनी भांडून काही घरांना कंपन्यांमध्ये नोकऱ्या मिळवून दिल्या होत्या, त्यातली ही एक. घरात खाणारी सात माणसं आणि कमावणारे हे एकटे. वय पन्नाशीचं. कीबोर्डवर एका बोटाने अक्षरं शोधायचे आणि अडलं की मला हाक मारायचे. मी देशावरची, सुक्या मासळीचा वास आला तरी नाक मुरडणारी, पण जवळ्याची चटणी खायला मला दादांनीच शिकवलं. "खाऊन तर बघ बाय, मरनार नाय," म्हणायचे. ते चोर असतील असं मला वाटलं नव्हतं. पण साहेबांना तसं म्हणाले का? नाही. मला काम हवं होतं.

आधी आमच्याकडे सगळी मशीनं एकमेकांना जोडायला साधा हब होता. त्यात एका मशीनचं बोलणं सगळ्या मशीनना जायचं. पण नुकताच त्याच्या जागी नेटवर्कचा स्विच आणला होता आणि तो ज्याचं त्यालाच नेमकं देतो. म्हणजे दादांचं ऐकायचं तर त्यांच्या वायरीतच हात घालायला हवा. मध्ये जुना हब लावला असता तरी भागलं असतं, पण त्याला वीज लागते आणि त्याचे दिवे लुकलुकतात. साहेबांना कुणाच्या डोळ्यांवर न येणारं काहीतरी हवं होतं.

मी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून केबलचे चार सॉकेट आणले आणि घराघरांत स्विचबोर्डाला लावतात तसल्या प्लास्टिकच्या डब्यात बसवले. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात, त्यातल्या चारच कामाच्या. आमच्याकडे मशीन नारिंगी जोडीवरून बोलायचं आणि हिरव्या जोडीवरून ऐकायचं. पहिल्या सॉकेटात दादांची वायर आत आणि दुसऱ्यातून सरळ बाहेर. नारिंगी जोडीला एक फाटा काढून तो तिसऱ्या सॉकेटावर, हिरवीचा चौथ्यावर. वीज नाही, दिवा नाही, आवाज नाही. वर मी मार्करने एक ते चार आकडे घातले, वळणदार अक्षरात.

साहेबांना मी हे कागदावर दोन रंगांच्या पेनांनी काढून दाखवलं. त्यांनी फार लक्ष देऊन बघितलं.

"म्हणजे तुमच्या मशीनची वायर तिसऱ्यात असली, तर तो काय पाठवतो तेवढंच दिसणार? त्याला काय येतं ते नाही?"

"नाही सर. ते चौथ्यावर. दोन्ही एकदम हवं तर माझ्या मशीनला अजून एक नेटवर्क कार्ड लागेल."

"कशाला? चोर पाठवणारच ना? तिसरंच ठेवा."

मला ते पटलं. आमच्या बिल्डिंगमध्ये मोजक्याच घरी फोन होते आणि कुणी बोलत असलं की अर्धं ऐकून शेजारणी काय काय अर्थ लावायच्या, हे मी रोज बघत होते. तरी पटलं.

डबा लावायला फार वेळ लागला नाही. सगळ्या केबली माझ्याच खोलीत येत होत्या. लंच ब्रेकमध्ये कपाटामागे वाकून दादांची वायर काढली आणि मध्ये डबा घातला. दहा मिनिटांत दादा दारात.

"बाय, माजा कॉम्प्युटर मेला."

डब्यातल्या तारांचा पीळ मी जास्त उलगडला होता, त्यामुळे सगळं बोलणं तुटत होतं. "सर्व्हर बंद केलाय दादा, होईल चालू," असं ठोकून दिलं. दादा "बरं बरं" म्हणत गेले. त्यांच्याशी मी बोललेलं पहिलं खोटं ते. मग तारा आखूड कापल्या, पीळ शेवटपर्यंत राखला आणि डबा कामाला लागला. पडद्यावर अक्षरं धावायला लागली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला टाळी वाजवावीशी वाटली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी दादांच्या मशीनवरून एक मेल बाहेरच्या पत्त्यावर गेली. सोबत मालाची अख्खी यादी आणि खाली इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ, 'सांगितल्याप्रमाणे पाठवली.' तिसऱ्या दिवशी तेच. मला इतका राग आला दादांचा! मासळी काय भरवतात, बाय काय म्हणतात! चौथ्या दिवशी सकाळी मी प्रिंट काढले आणि साहेबांच्या टेबलावर ठेवले. साहेबांनी ते वाचलेसुद्धा नाहीत, नुसते सारखे करून फाईलला लावले. "सोमवारी चौकशी," म्हणाले. "तोवर डबा राहू द्या."

त्या दिवशी मी जेवायला दादांच्या टेबलाशी गेले नाही. दादाच जेवणाचा डबा घेऊन माझ्या खोलीत आले.

"बाय, एक इचारू? साहेबांचा मेसेज वाचला का लगेच पुसायचा असतो. आज सकालीच आला, पन मी वाचायच्या आदीच पुसला. परत आनता येतो काय?"

"कसला मेसेज?"

"त्यो यादीचा. कुनाला पाठवायची त्यो पत्ता असतो त्यात. मना इंग्रजी पत्ता टाईप नाय करता येत, मंग साहेब रोज धाडतात. कुनाला बोलू नको बोललेत, पन तू काय परकी हायेस?"

मी हातातला घास परत डब्यात ठेवला. कसंबसं म्हटलं, "उद्या येईल परत." दादा समाधानाने जेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या मशीनची वायर तिसऱ्या सॉकेटातून काढून चौथ्यात घातली आणि दार लावून बसले. तीन वाजता मेल आली. साहेबांच्या मशीनवरून दादांना. 'आजची यादी खालच्या पत्त्यावर पाठवा. ऑडिटरना हवी आहे. वाचून पुसून टाका.' खाली तोच बाहेरचा पत्ता. इथून पुढे मी त्या माणसाला अहो-जाहो करणार नाही. यादी विकत होता तोच. मालकांनी चोर मागितला म्हणून त्याने दादांना बळीचा बकरा केला होता, आणि बकरा बांधायला मी होते. मी ती मेल फ्लॉपीवर घेतली आणि पर्समध्ये टाकली.

सव्वातीनला दार उघडलं. एसीने डोकं धरतं म्हणून तो कधी माझ्या खोलीत यायचा नाही, त्या दिवशी आला. पुसलेल्या मेसेजचं मला विचारल्याचं दादांनीच भोळेपणाने त्याला सांगितलं असणार. सरळ कपाटामागे वाकला. डब्याकडे बघत राहिला. मग त्याने चौथ्यातला प्लग काढला आणि तिसऱ्यात बसवला. तो बसल्याचा टक् आवाज मला अजून ऐकू येतो.

"मॅडम," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "लोकांची पत्रं चोरून वाचायचं यंत्र कुणी बनवलं असं पोलिसांनी विचारलं, तर कुणाचं नाव सांगायचं? लेखी मी तुम्हाला काहीच दिलेलं नाही. आणि आकडे तर तुमच्याच अक्षरात आहेत." जाताना दारात थांबला. "तुम्हाला कायम करायचं कन्फर्मेशनचं पत्र माझ्या टेबलावर आहे. सोमवारी सही करतो."

शनिवार-रविवार मी घरात कुणाशी धड बोलले नाही. आई म्हणाली, चेहरा का उतरलाय? मी म्हटलं, डोकं दुखतंय. दहा वेळा मनाशी ठरवलं की मालकांपुढे फ्लॉपी ठेवायची. दहा वेळा डोळ्यांसमोर बाबा पोलीस स्टेशनच्या बाकावर बसलेले दिसले.

सोमवारी अकरा वाजता मालकांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. मालक खुर्चीत, तो त्यांच्या उजव्या हाताला, मी भिंतीशी पर्स छातीशी धरून, आणि दादा उभे. टेबलावर माझे प्रिंट.

"मी पाठवली, नाय कशाला बोलू?" दादा म्हणाले. "पन साहेबांनी सांगला म्हनून पाठवली. त्यांचा रोज मेसेज यायचा." मग ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर भीती नव्हतीच. आता सुटलो असाच चेहरा होता. "बाय, तू सांग यांना. तुला समजतो कॉम्प्युटर."

मालकांनी विचारलं, "असा मेसेज आल्याचा काही पुरावा मिळेल?"

तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. पेनाचं टोपण लावत-काढत होता.

"नाही सर," मी म्हणाले.

माझा आवाज साधा आला, रोजच्यासारखा. त्याचीच मला जास्त लाज वाटते.

दादांनी मान हलवली. "बरोबर हाय. मीच पुसला ना." जणू चूक त्यांचीच होती. त्यांच्यापुढे राजीनाम्याचा टाईप केलेला कागद सरकवला गेला. पोलिसात देत नाही एवढे उपकार समजा, असं मालक म्हणाले. दादांनी इंग्रजी कागदाखाली मराठीत सही केली, सावकाश, एकेक अक्षर जोडत.

मी जिन्यात जाऊन रडले. हुंदके आवरेनात. दादा हातात पिशवी घेऊन खाली येत होते. मला बघून थांबले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नको बाय," म्हणाले. "तुज्या हातात असता तर तू सांगितलाच असतास. मना म्हाईत हाय."

पर्स माझ्या खांद्यालाच होती. मी मान हलवली. ते जिना उतरून गेले.